सूचक : सौ. मालन शिंत्रे

"डिसलेभाऊसाहेब, दोन वर्षं झाली मला निवडून येऊन. ह्या एवढ्या जाडजूड रजिस्टरात माझं नाव एकदाही नाही?"

मी हे म्हटलं हसत हसतच, पण आतून चांगलीच धुमसत होते. डिसले म्हणजे आमच्या नगरपालिकेतले सभा-कारकून. सभेत काय ठरलं ते लिहून काढायचं काम त्यांचं. चष्म्याला दोरी, हातात कायम निळं पेन. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आहे की ताई. हजेरीत प्रत्येक सभेला आहे."

"हजेरीत तर शाळेतल्या पोरांचंही असतं. मी ठरावाखालच्या नावांचं म्हणतेय."

प्रत्येक ठरावाखाली दोन नावं असतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सूचक म्हणजे ज्यानं ठराव मांडला तो. मी सगळी पानं उलटली होती. सतरा सभासदांपैकी सोळा जणांची नावं कुठं ना कुठं सापडली, माझं नाही.

डिसल्यांनी आता पेन खाली ठेवलं. "ताई, सभेत उठून कोण काय मांडतंय हो? साहेब विषय वाचतात, सगळे मंजूर म्हणतात. नावं मी नंतर घालतो, पाळीपाळीनं. जे मागतात त्यांची आधी. तुम्ही कधी मागितलंच नाही."

"मग आता मागते."

"कुठल्या ठरावाला घालू?"

"कुठल्याही घाला हो. चांगलासा बघून."

हे माझे शब्द. डिसल्यांचे नव्हेत, नगराध्यक्षांचे नव्हेत. आज मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि ते शब्द कुणाच्या तरी दुसऱ्याच्या माथी मारता आले असते तर मी केव्हाच मारले असते.

नाव मागायला कारण माझी जाऊ. दिवाळीला सगळे जमले होते आणि चकल्या तळता तळता ती म्हणाली होती, "मालन, तू तिथं नुसती वडे खायला जातेस काय गं?" सगळे फिदीफिदी हसले. आमचे हे सुद्धा हसले, त्यांची पिठाची गिरण आहे, त्यांना कशाचंच काही वाटत नाही. पण माझ्या जिव्हारी लागलं. रात्रभर मी मनातल्या मनात जावेला उत्तरं देत होते.

आणि वड्यांचं तिचं काही खोटं नव्हतं. आमच्या सभेत वडे यायचेच, तेही ठरल्या वेळी. विषयपत्रिकेवरचा शेवटून दुसरा विषय सुरू झाला की शिपाई बशा घेऊन आत यायचा. त्यानंतर उरायचे ते ऐनवेळचे विषय, म्हणजे जे पत्रिकेवर छापलेले नसतात, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येतात. तोंडात वडा असताना कोण वाद घालणार? तिथं येईल ते मंजूर व्हायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

डिसल्यांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सभा होती. आम्ही पाच बायका खिडकीकडच्या रांगेत बसायचो. त्या दिवशी मी अबोली रंगाची नवी साडी नेसले होते आणि नेमकी चटणी निऱ्यांवर सांडली. मी पाण्याचा हात लावून डाग पुसत होते. नगराध्यक्ष तात्यासाहेब कागद वाचत होते.

"ऐनवेळचा विषय. बुरूड आळीतला नगरपालिकेचा जुना हौद. वापरात नाही, पाणी साचून डास होतात, आरोग्यास धोका. सदर हौद बुजवून त्या जागी ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र बांधणे."

मला ऐकू आलं नाही असं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय. ऐकू आलं होतं. बुरूड आळी माझ्याच वॉर्डात. मी मान वर केली, मनात आलंसुद्धा, वापरात नाही कसा? त्यात तर बांबू भिजत असतात. तेवढ्यात इकडून तिकडून "मंजूर, मंजूर" झालं, शेजारची म्हणाली, "अगं, चोळू नकोस, पसरेल," आणि मी डागाकडे बघत "मंजूर" म्हणून टाकलं.

*

शेवंताक्का तीन आठवड्यांनी दुपारी माझ्या दारात आली.

शेवंताक्का म्हणजे बुरूड आळीतली सगळ्यात जुनी बाई. तिच्या हातची सुपं आसपासच्या गावांत जायची. दळण घेऊन आमच्या गिरणीवर यायची तेव्हापासूनची ओळख. मी निवडणुकीला उभी राहिले तेव्हा मला भाषण करता येत नव्हतं, हात जोडायलासुद्धा लाज वाटायची. अक्कानं माझं मनगट धरलं आणि आळीतल्या अठ्ठावीस घरांत फिरवलं. प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य, "ही आपली पोर हाय." मी एकोणीस मतांनी निवडून आले. ती मतं कुठली, हे मोजायला मास्तर नको होता.

ती आत येऊन भुईवरच बसली. खुर्चीवर कधी बसायची नाही. चोळीतून घडी घातलेला कागद काढला.

"मालू, हौदावर टेप घिऊन मानसं आली हुती. मोजून गेली. म्हनं बुजवायचा ठराव झालाय."

"काय सांगतेस!" मी म्हणाले. हे पहिलं खोटं.

"हौद गेला तर आमी काय करायचं गं? कोरडा बांबू चिरला तर कांबी मोडत्यात. धा-बारा दिस पान्यात ऱ्हायला पायजे त्यो. नळाला पानी येतं अर्धा तास, त्यात बांबू भिजतोय व्हय? आळी उठंल सारी." मग तिनं कागद पुढं केला. "म्या कचेरीत जाऊन नक्कल आनली. चौथीपातूर शिकलीया मी, वाचली." तिनं बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "सू-च-क. सौ. मा-ल-न शिंत्रे."

डिसल्यांनी शब्द पाळला होता. चांगलासा ठराव बघून माझं नाव घातलं होतं, शहराच्या विकासाचा, ज्येष्ठ नागरिकांचा. त्यांना वाटलं असणार, ताईंच्याच वॉर्डातलं काम, ताई खूश होतील.

अक्का माझ्याकडे बघत होती. "मला काय खरं वाटंना. म्हनलं, तुलाच इचारावं. नाव तू दिलंस का कुनी घुसडलं?"

किती सरळ विचारलं होतं तिनं. हो म्हणायचं होतं, नाव मी दिलं, पण कशाला दिलं ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच बोलायचं होतं. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपला असता.

"अगं बाई!" मी कपाळाला हात लावला. "घुसडलंय अक्का! मला ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. हे त्या कारकुनाचे उद्योग!"

तिनं अक्षरांवरचं बोट उचललं. मग कागदाची घडी घातली. "बरं," म्हणाली. "तू म्हनतीस तर तसं."

ते "बरं" मला बरंच वाटलं तेव्हा. सुटले म्हणून मी जोरात आले. "तू काळजी करू नको अक्का. पुढच्या सभेत भर सभेत उभी राहते आणि सांगते, हा ठराव माझा नाही, हौद वापरात आहे, माझा विरोध आहे. बघच तू!"

"बगती," अक्का म्हणाली. "मी बी यीन. दाराजवळच्या बाकावर बसंन."

*

बोलायला बोलले, आता करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मी डिसल्यांना गाठलं.

"खोडा ते नाव."

"आता कसं खोडणार ताई? पानावर क्रमांक पडलेत. पण मार्ग आहे की. पुढच्या सभेत पहिला विषय काय असतो? मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. तोवर सगळं कच्चंच. त्या वेळी उभ्या राहा, म्हणा, हे असं झालं नव्हतं, दुरुस्ती करा. तुमच्या वॉर्डातला विषय, तुम्हीच नको म्हटल्यावर तात्यासाहेब ताणायचे नाहीत. एकदा कायम झालं मात्र की दगडावरची रेघ."

"मग राहते उभी."

"राहा." त्यांनी चष्मा काढून पुसला. मनात कपट असलेला माणूस नव्हता तो. "फक्त ताई, साहेब मला विचारणार, डिसले, नाव आलं कसं? मी नोकरीचा माणूस. मी खरं तेच सांगणार. ताईंनीच मागितलं होतं."

जिना उतरताना ते डोळ्यांसमोर आलं. सगळी सभा, सोळा माणसं, शिपाई, पेपरवाला बातमीदार. त्यांच्यासमोर कळणार की शिंत्रेबाई नाव घाला, नाव घाला म्हणून कारकुनाच्या मागं लागल्या होत्या. जावेच्या कानावर जायला संध्याकाळसुद्धा लागली नसती.

तरीपण मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. काय बोलायचं ते एका चिठ्ठीवर लिहिलं, आरशासमोर तीनदा म्हटलं. ह्यांनाही म्हणून दाखवलं. हे म्हणाले, "चांगलं आहे. सावकाश बोल."

सभेच्या दिवशी अक्का खरंच आली होती. बरोबर आळीतल्या तिघीजणी. चौघी दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या, धुतलेली लुगडी, पदर घट्ट लपेटलेले. अक्कानं मला बघून मान हलवली. मी चिठ्ठी मुठीत धरली.

तात्यासाहेबांनी घंटी वाजवली. "विषय क्रमांक एक. मागील सभेचं इतिवृत्त सर्वांना पोचलेलं आहे. वाचलं असं समजून कायम करायचं ना?"

मी उठले. खरंच उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"हां!" तात्यासाहेब खुशीत म्हणाले. "मालनताई उठल्याच! घ्या डिसले, सूचक मालनताई. आता ताईंना आवरा कुणीतरी, प्रत्येक ठराव त्यांनाच पाहिजे!"

सगळे हसले. चेष्टेचं हसणं होतं, वाईट नव्हतं. डिसल्यांनी पेन उचललं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. लिहिलं नाही. थांबले. ते थांबले होते, हे मला स्पष्ट दिसलं.

"काय ताई, आणखी काही बोलायचंय का?" तात्यासाहेबांनी विचारलं.

मुठीतली चिठ्ठी घामानं भिजली होती. मी बाकाकडे बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं, मग कदाचित बोलले असते. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

आणि बसले. डिसल्यांनी लिहिलं. विषय क्रमांक दोन सुरू झाला.

पुढचे दोन तास गटारं, दिव्यांचे खांब, पाणीपट्टी, सगळं चाललं होतं आणि चौघी बाकावर तशाच ताठ. वडे आले. शिपायानं बाकाकडे बशा नेल्या नाहीत. माझ्यासमोरची बशी मी हातात घेतली, ठेवली. सभा संपली.

अक्का जिन्यापाशी उभी होती. तिघी खाली उतरल्या होत्या.

"मालू, आपला इषय कवा निघायचा?"

मला वाटलं, हिला कळलंच नाही. पहिल्या मिनिटात सगळं उरकलं, हे हिला बिचारीला काय समजणार? आणि लाज वाटते सांगायला, मला हायसं वाटलं.

"आज वेळच संपली गं अक्का. पुढच्या सभेत नक्की."

"फुडच्या."

"हो. नक्की."

तिनं कनवटीची पुडी सोडली, गूळ-शेंगदाणे होते. माझ्या हातावर ठेवले. "खा. काय बी खाल्लं न्हाईस आत. बघत हुते मी."

*

पुढची सभा व्हायच्या आतच मुरमाचे ट्रॅक्टर आले. अकरा दिवसांत हौद भरला. मी त्या दिवसांत माहेरी जाऊन राहिले, आईला बरं नाही असं सांगून. आई ठणठणीत होती.

आळीतले काही लोक नदीकाठी बांबू भिजवायला न्यायला लागले. दीड कोस जाणं, दीड कोस येणं, वर पाण्यात ठेवलेले बांबू चोरीला जायचे. दोन-तीन वर्षांत बारा घरांत काम बंद झालं. पोरं कुठं हमालीला, कुठं प्लॅस्टिकच्या बादल्या विकायला गेली. मी पुन्हा निवडणुकीला उभी राहिले नाही. लोकांना सांगितलं, मुलीचं लग्न आहे, वेळ होणार नाही.

त्याच लग्नाला अक्का आली. मुहूर्ताला पाच सुपं लागतात, ती तिनं माझी लेक पाळण्यात असतानाच कबूल केली होती. मी आठवण केली नव्हती, कुठल्या तोंडानं करणार? बाजारातून दुसरी आणूनही ठेवली होती. अक्का सुपं डोक्यावर घेऊन आली आणि भुईवर बसली. दमली होती.

"दोनांच्या कडा तडकल्यात बग," ती म्हणाली. "बांबू नीट भिजला न्हाई. राग मानू नगंस."

माझी माफी मागत होती ती. मी सूप हातात घेऊन कडेवरून बोट फिरवत राहिले. घरात पाहुण्यांची गडबड होती, स्वयंपाकघरातून कुणीतरी मला हाक मारत होतं.

"मालू," अक्का म्हणाली, "काय सांगायचं हाय का तुला?"

"कशाबद्दल?"

ती नुसती बघत राहिली. मला ते बघणं सोसेना.

"अक्का, चहा टाकू का?" मी म्हणाले.

"टाक," ती म्हणाली. चहा प्यायली, कप स्वतः धुऊन पालथा घातला आणि गेली. त्यानंतर आमच्याकडे दळणाला ती कधी आली नाही. मला वाटलं, वय झालं. चार वर्षांनी गेलीच.

*

ह्या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. गेल्या महिन्यात गिरणीच्या कुठल्याशा कागदावर साक्षीदाराची सही हवी होती, म्हणून मी डिसल्यांना शोधत गेले. निवृत्त झाल्यापासून ते रोज विरंगुळा केंद्रात पेपर वाचत बसतात. मी तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत पंखा, कॅरमबोर्ड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. डिसल्यांनी खुर्ची पुढं केली. सही झाली, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी फरशीकडे बघत म्हटलं, "इथंच होता हो तो हौद. शेवंताबाई काय बाई होती!"

"हो ना," मी म्हणाले. "बिचारी. तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"माझं नाव... म्हणजे ते तसं कसं आलं ते."

डिसल्यांनी फरशीवरची नजर उचलली. "ताई, असं कसं? त्यांना तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नक्कल न्यायला आल्या तेव्हाच."

"काय सांगितलं होतं?"

"हेच. ताईंनीच म्हटलं होतं, कुठल्याही ठरावाला नाव घाला म्हणून. कुठला ठराव ते त्यांना ठाऊक नव्हतं, चूक माझी, ताईंचा राग धरू नका. त्या म्हणाल्या, राग कशाचा? पोर हाय, मिरवायची हौस असती. मी जाऊन इचारती, ती मला खरं सांगंल. मग दोघी मिळून बगतो काय करायचं ते." डिसल्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली. "सभेच्या दिवशी आल्या होत्या की. मला वाटलं, तुमचं सगळं बोलणं झालं असेल. तुम्ही उठलात तेव्हा म्हणून तर मी लिहायचा थांबलो होतो."

मला दार आठवलं, नाव तू दिलंस का कुनी घुसडलं. मला जिना आठवला. मला पाच सुपं आठवली, त्यांतलं एक अजून माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे, तडकलेल्या कडेला मी सुतळी गुंडाळलीय. तीन वेळा तिनं मला विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा उत्तर तिला आधीपासून ठाऊक होतं.

कोपऱ्यात कुणीतरी कॅरमची सोंगटी घेतली आणि म्हातारे ओरडले.

"ताई?" डिसले पुढं वाकले. "बरं वाटत नाही का? चहा सांगू का?"